घाट चढून चहाला थांबलं की गाडी थरथरते: चार सिलिंडर, व्हीव्हीटी पेट्रोल, कोड पी ००११

घाटवाट | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "तीच कशाला घेतलीस" इकडे वळेल. २०१३ चं मॉडेल, १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, फक्त इनटेक कॅमला (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) व्हीव्हीटी. तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. आता काटा ९२ हजारांवर आहे.

महिन्यातून दोनदा पुणे-चिपळूण होतं. येताना कुंभार्ली चढून वर आलो की टपरीवर चहाला थांबतो. गेले तीन महिने तिथे हमखास एक प्रकार होतो. गाडी उभी केली, पाय क्लचवर, न्यूट्रल, आणि आयडल (उभ्या गाडीतली इंजिनाची चाल) बिघडतं. काटा ६०० ते ९०० मध्ये नाचतो, स्टेअरिंग थरथरतं, डॅशबोर्डवरचा गणपती मान डोलावतो. एकदा तर बंदच पडली. दहा मिनिटांनी चहा पिऊन सुरू केली की शहाण्या मुलासारखी चालते.

दुसरी तक्रार म्हणजे सकाळी पहिल्या स्टार्टला दोन सेकंद डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज येतो. मग गप्प. ॲव्हरेज १७ वरून १४ वर आलंय. चेक लाइट दोनदा लागून गेला, स्कॅनरवर पी ००११ दिसलं.

एका गॅरेजवाल्याने प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, २,८०० घेतले. फरक शून्य. दुसऱ्याने कोड बघून थेट टायमिंग चेन, पुली, मजुरी मिळून २४ हजारांचा आकडा सांगितला. पैसे भरण्याआधी तुम्हाला विचारतोय.

शंकासुर | रविवार, रात्री १०:०५

माझ्याही गाडीच्या मागे व्हीव्हीटीचा बिल्ला आहे. सहा वर्षं झाली, तो नक्की काय करतो ते कोणी सांगितलं नाही. शोरूममधल्या मुलाने "सर, ॲडव्हान्स टेक्नॉलॉजी" एवढंच सांगितलं होतं. वाचतोय.

रेडलाइन | रविवार, रात्री १०:३२

व्हीव्हीटी म्हणजे होंडाच्या व्हीटेकचा गरीब भाऊ. खरी मजा व्हीटेकची. १९८९ ची इंटिग्रा, बी१६ए इंजिन, १.६ लिटरमधून १६० पीएस, तेही टर्बोशिवाय! साडेपाच हजारच्या पुढे मोठे कॅम लागले की आवाजच बदलायचा. आपल्याकडे जुन्या सिटी व्हीटेकच्या मागे लोक अजून वेडे आहेत ते उगाच नाही.

घाटवाट, तुझ्या गाडीला पेट्रोलच खराब मिळत असणार. पंप बदल.

टॅपेट_काका | सोमवार, सकाळी ६:५०

रेडलाइन, आकडे बरोबर आहेत, निदान चूक. पेट्रोल खराब असतं तर गाडी घाट चढतानाच रडली असती. ती चढते नीट, थांबल्यावर रडते. सगळी गोम त्यात आहे.

पिंपरीत एका कारखान्यात टेस्ट-बेडवर उमेदीची वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शंकासुर, तुमचंही उत्तर यात येईल.

एक हिशेब करा. आयडलला इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्या मारतं. म्हणजे पिस्टनला वरून खाली येत हवा ओढायला ४० मिलीसेकंद मिळतात. ६,००० फेऱ्यांना तेच काम ५ मिलीसेकंदांत उरकायचं असतं. आठपट घाई. हवेलाही वजन असतं, ती एकदा धावायला लागली की लगेच थांबत नाही. दादरला लोकलच्या दारात गर्दी कशी लोटते ते आठवा. मागून इतका रेटा असतो की आत जागा संपली तरी चार माणसं घुसतातच. जास्त फेऱ्यांना पिस्टन खालून परत वर निघाला तरी हवा आत घुसत असते, म्हणून इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद केलेला बरा. कमी फेऱ्यांना मात्र मागून रेटाच नसतो. तेव्हा दार उशिरापर्यंत उघडं ठेवलं तर आत आलेली माणसं पुन्हा फलाटावर.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण घाटवाटचं दुखणं तिथे आहे. जळका वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता लागायच्या आधीच इनटेक उघडतो. थोडा वेळ दोन्ही दारं उघडी असतात, त्याला ओव्हरलॅप म्हणतात. भरधाव असताना तो चालतो. मधल्या भाराला तर थोडा जळका वायू आत राहिलेला फायद्याचाच असतो, ज्वलनाचं तापमान उतरतं आणि धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड घटतात. पण आयडलला मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीत, जोराचा व्हॅक्यूम असतो. तेव्हा ओव्हरलॅप जास्त ठेवला तर जळका वायू उलटा आत ओढला जातो, ताज्या मिश्रणात भेसळ होते आणि इंजिन लटपटतं.

जुन्या इंजिनात कॅम एकदा बसवला की बसवला. आयडलला बरा की वर बरा, यात तडजोड करावी लागायची. व्हीव्हीटीत, म्हणजे व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगमध्ये, कॅम चालत्या इंजिनात मागे-पुढे सरकवतात. कॅमच्या टोकाला चेन जिथे बसते ती पुली आतून पोकळ असते. आत पाकळ्यांचा एक रोटर असतो आणि तो कॅमला जोडलेला. पाकळीच्या एका बाजूला दाबाखालचं ऑइल सोडलं की कॅम पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूला सोडलं की मागे. बऱ्याच गाड्यांत क्रँकच्या (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) हिशेबात चाळीस-पन्नास अंश फिरण्याची मुभा असते. ऑइल कुठे सोडायचं ते विजेवर चालणारा एक छोटा सोलेनॉइड व्हॉल्व्ह ठरवतो, आणि त्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते.

हे ऑइल वेगळं नसतं बरं का. इंजिनाच्या तळाशी संप असतो, त्यातलंच.

आता पी ००११ चा अर्थ: ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, कॅमला "मागे ये" सांगितलं, आणि तो आला नाही, पुढेच अडकून बसला. चढावर भार होता म्हणून कॅम पुढे गेला होता, तिथे कोणाचीच तक्रार नव्हती. तू टपरीवर थांबलास, त्याने परत यायला हवं होतं, आणि ते झालं नाही. आयडलला ओव्हरलॅप जास्त, म्हणून गणपतीची मान हलली. इंजिन बंद केलंस, ऑइलचा दाब उतरला आणि आतली कळ परत जागेवर बसली.

तीन प्रश्न. ऑइल कुठल्या ग्रेडचं घालतोस? शेवटचं कधी बदललंस? आणि थरथर फक्त भारानंतरच होते की सिग्नललाही?

घाटवाट | सोमवार, सकाळी ११:१५

काका, तुम्ही प्रश्न विचारलेत आणि माझा चेहरा पडला.

सिग्नलला होत नाही. घाटानंतर, नाहीतर एक्सप्रेसवेवरून उतरून टोलच्या रांगेत उभा राहिलो की होते.

ऑइल २०डब्ल्यू-५०. मागच्या खेपेला गॅरेजवाला म्हणाला, "गाडी जुनी झाली, जरा घट्ट घाला, आवाज जाईल." मलाही पटलं. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलंय हे आज पहिल्यांदा वाचलं. आणि ते घालून १६ हजार किमी झालेत. घरातलं लग्न, मग ऑफिसचं काम, राहून गेलं. आधीच्या मालकाने काय केलं असेल ते देवाला माहीत, पण १६ हजार माझे आहेत.

मिस्त्रीपुत्र | सोमवार, दुपारी १:२०

भावा, २४ हजार खिशात ठेव. आमचं गॅरेज कोल्हापुरात उद्यमनगरला, बाबांचं. असल्या गाड्या महिन्याला दोन-तीन तरी येत्यात. दहातल्या सात जाळी आन् त्या व्हॉल्व्हनंच बऱ्या होत्यात.

हेडच्या, म्हंजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, पुढच्या अंगाला, कॅमच्या पुलीजवळ बघ. दोन पिनांचं काळं कनेक्टर असलेला अंगठ्याएवढा सोलेनॉइड दिसंल. एकच दहाचा बोल्ट. इंजिन गार असताना काढ, खाली फडकं धर, थोडं ऑइल येतंयच. पिळत-पिळत सरळ वर वढ, पक्कडनं कनेक्टरवर जोर लावू नगोस, प्लास्टिक तुटतंय. काही गाड्यांत जाळी व्हॉल्व्हवरच असती, काहींत बाजूच्या वेगळ्या बोल्टच्या आत. तुझी कशी हाय ते बघून कर.

कार्ब क्लीनरनं धू. बॅटरीच्या तारा क्षणभर लावल्या की आतली दांडी टक्‌कन सरकली पायजे. सोडली की टक्‌कन परत. क्षणभर म्हणजे क्षणभर, धरून बसलास तर कॉइल जळंल. मीटर असंल तर रेझिस्टन्स बघ, बऱ्याच गाड्यांत सात ओहमच्या आसपास येतंय. ओ-रिंग नवीनच घाल, जुनी परत लावलीस तर महिन्यात ऑइल गळंल.

रेडलाइन | सोमवार, दुपारी ३:०२

काका, मान्य, पेट्रोलचा तुक्का होता. पण व्हीटेकमध्ये हा जाळीचा प्रकार नसतो ना?

टॅपेट_काका | सोमवार, संध्याकाळी ६:३०

असतो. तिथेही ऑइलच सगळं करतं. फरक एवढा की मूळ व्हीटेक कॅम सरकवत नाही, कॅमच बदलतो. शाफ्टवर व्हॉल्व्हच्या प्रत्येक जोडीला तीन लोब (उंचवटे) असतात, बाजूचे दोन बुटके, मधला उंच. कमी फेऱ्यांना व्हॉल्व्ह बुटक्या लोबवर चालतात, मधला रॉकर (लोब आणि व्हॉल्व्ह यांमधली दांडी) नुसता हवेत नाचत असतो. फेऱ्या वाढल्या की ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते आणि तिन्ही रॉकर एकत्र बांधते. मग सगळे उंच लोबच्या तालावर. तुला जो आवाज बदललेला ऐकू येतो तो या पिनेचा प्रताप. व्हॉल्व्ह जास्त उचलला जातो आणि जास्त वेळ उघडा राहतो. व्हीव्हीटीत उचल तीच, वेळ तेवढाच, फक्त मुहूर्त पुढे-मागे. पुढे होंडाने दोन्ही एकत्र केलं आणि त्याला आय-व्हीटेक म्हटलं.

बाकी बारशाची हौस प्रत्येकालाच. टोयोटाचं व्हीव्हीटी-आय, मित्सुबिशीचं मायवेक, ह्युंदाईचं व्हीटीव्हीटी. आणि मान जपानला देताना हेही लक्षात ठेव, की विकत मिळणाऱ्या गाडीत कॅम सरकवण्याचा पहिला प्रयोग इटलीचा. अल्फा रोमिओची स्पायडर, १९८०, दोन लिटर, चारच सिलिंडर.

जुनंते_सोनं | सोमवार, रात्री ९:१०

या सगळ्या भानगडींपेक्षा साधं इंजिन बरं नव्हे काय? २००३ मध्ये सिटीचं नवीन मॉडेल आलं तेव्हा त्यात आय-डीएसआय इंजिन होतं. आठ व्हॉल्व्ह, दर सिलिंडरला दोन प्लग, ७७ बीएचपी. व्हीटेकवाल्यांनी नाकं मुरडली. माझ्याकडे ती चौदा वर्षं होती. शहरात तिसऱ्या गिअरमध्ये ३० च्या वेगाला ओढायची, ॲव्हरेज सांगितलं तर लोक खोटं म्हणायचे.

रेडलाइन | सोमवार, रात्री ९:२५

काका, चौदा वर्षं आठ-आठ प्लग बदललेत ते सांगा ना :)

जुनंते_सोनं | सोमवार, रात्री ९:३१

बदलले. आणि चारदा बदलून गाडी विकली तेव्हाही पहिल्या चावीला सुरू होत होती.

चाकोरीबाहेर | मंगळवार, पहाटे २:१५

म्युनिकहून लिहितेय, वेळ बघून घाबरू नका. धाग्यात मजा आली म्हणून एक भर आणि एक सावधगिरी.

भर अशी, की इथल्या कंपनीने व्हॉल्व्हचा खेळ आणखी पुढे नेला. २००१ च्या बीएमडब्ल्यू ३१६टीआय कॉम्पॅक्टमध्ये १.८ लिटर, चार सिलिंडरचं इंजिन होतं. त्यात इनटेक व्हॉल्व्ह किती उचलायचा हेच एक इलेक्ट्रिक मोटर ठरवते. ॲक्सिलरेटर दाबला की एरवी थ्रॉटलची झडप उघडते, इथे व्हॉल्व्हच जास्त उघडतात. आपण अर्धवट झडपेतून हवा ओढतो तेव्हा इंजिनाला स्ट्रॉने घट्ट मिल्कशेक ओढल्यासारखी मेहनत पडते, ती इथे वाचते. आता बऱ्याच गाड्यांत कॅम सरकवायलाही ऑइलऐवजी मोटर असते, त्यामुळे थंडीत पहिल्या सेकंदापासून काम सुरू. इथे उणे दहाला ऑइल मधासारखं होतं, म्हणून ते सुचलं असावं.

सावधगिरी: घाटवाट, जाळी साफ करा, पण चेन निर्दोषच आहे असं धरून चालू नका. चेन ताणली असेल तर सहसा क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही म्हणून पी ००१६ येतो. तो आलेला नाही ही चांगली खूण. साफसफाईनंतरही ००११ परत आला, किंवा ००१६ दिसला, तर त्या गॅरेजवाल्याचा आकडा अगदीच खोटा नव्हता असं म्हणावं लागेल.

टॅपेट_काका | मंगळवार, सकाळी ७:०५

बाईंच्या सावधगिरीला अनुमोदन. सकाळच्या खडखडीबद्दल राहिलं होतं ते लिहितो. इंजिन बंद असताना पुलीतलं ऑइल उतरून जातं. तेव्हा रोटर भिंतीवर आपटू नये म्हणून एक छोटी स्प्रिंगची पिन त्याला धरून ठेवते. दाब आला की पिन मागे हटते. पिन किंवा तिचं भोक झिजलं, की सुरू करताना दाब येईपर्यंत रोटर आपटतो, तेच तुझे डब्यातले खडे. त्यात तू घातलंस २०डब्ल्यू-५०. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा गार ऑइलचा. वीसवालं पाचवाल्यापेक्षा गारठ्यात घट्ट, म्हणजे संपमधून हेडपर्यंत चढायला वेळ जास्त. आवाज जावा म्हणून घातलंस, आणि त्यानेच आवाज लांबवला. शिवाय ईसीयूचा सगळा हिशेब पातळ ऑइल धरून केलेला. घट्ट ऑइलने कॅम आळशी होतो.

नवीन ऑइल घालशील ते २ हजार किमीलाच काढून टाक. आतला गाळ त्यात उतरेल. मग नेहमीचं चक्र. फ्लश म्हणून मिळणारं काही घालू नकोस. गाळाचे मोठे तुकडे एकदम सुटले तर संपमधल्या पंपाच्या जाळीत जाऊन बसतील, आणि मग रडगाणं २४ हजारांत आटपणार नाही.

घाटवाट | पुढचा रविवार, संध्याकाळी ७:५०

आज केलं. मेहुणा टॉर्च धरायला.

बोल्ट दहाचाच निघाला, पण व्हॉल्व्ह जागचा हलेना. मिस्त्रीपुत्र म्हणाला तसं पिळत राहिलो, पंधरा मिनिटांनी "प्लॉक" करून आला. जाळी पाहिली आणि दोघेही गप्प. तव्यावर करपलेल्या तेलाचा थर असतो ना, तसं चकाकणारं काळं. जाळीची अर्धीअधिक भोकं दिसतच नव्हती. नखाने खरवडल्यावर पापुद्रा निघाला. बॅटरीची तार लावली तर आतली दांडी एकदा हलली, सोडल्यावर परत आलीच नाही, मधेच अडकली. काका, "मागे ये म्हटलं आणि आला नाही" हे माझ्या तळहातावर घडताना पाहिलं.

तीनदा क्लीनर मारला. चौथ्या वेळी टक्-टक् व्हायला लागलं. मीटरवर ७.२ ओहम. नवी ओ-रिंग ४० रुपयांना मिळाली. ऑइल ५डब्ल्यू-३०, फिल्टर, क्लीनर सगळं मिळून २,३५० झाले. जुनं ऑइल निघालं ते डांबरासारखं, बायकोने टबच फेकायला लावला.

कोड पुसलाय. पुढच्या शनिवारी कुंभार्ली.

मिस्त्रीपुत्र | रविवार, रात्री ८:१५

लई भारी. जाळीचा फोटो बाबांना दावला. म्हणाले, ह्ये तर काजळ झालंय.

घाटवाट | त्यापुढचा रविवार, रात्री १०:३०

जाऊन आलो. चढून टपरीवर थांबलो, मुद्दाम इंजिन चालू ठेवलं. काटा ७५० वर, गणपती निश्चल. चहावाल्याने विचारलं, "आज बंद नाही केलीत?" त्याला पाच मिनिटं व्हीव्हीटी समजावलं, बिचाऱ्याने ऐकून घेतलं.

ॲव्हरेज टाकी ते टाकी १६.२. कोड परत आलेला नाही. सकाळची खडखड मात्र पूर्ण गेली नाही, दोन सेकंदांची एक झालीय.

टॅपेट_काका | सोमवार, सकाळी ६:४०

ती पिन झिजलीच असणार, ते साफसफाईने भरून येत नाही. एका सेकंदावर असेतो चालव. वाढली तर पुली बदल, त्या वेळी चेनही बघून घे. २ हजारला ऑइल काढायचं विसरू नकोस. यंदा घरात लग्न आहे का?

घाटवाट | सोमवार, सकाळी ९:००

नाही काका :) मोबाइलवर गजर लावलाय.

शंकासुर | सोमवार, रात्री ९:४५

मंडळी, स्फूर्ती घेऊन मीही आज बोनेट उघडलं. दहाचा बोल्ट, काळं कनेक्टर, सगळं सापडलं, काढला. पण जाळी कुठे दिसत नाही, आणि बॅटरी लावायला पिना तीन आहेत. कुठल्या दोनला लावू?

मिस्त्रीपुत्र | सोमवार, रात्री ९:४७

भावा, कशालाच लावू नगोस. फोटो टाक.

शंकासुर | सोमवार, रात्री ९:५३

टाकलाय.

मिस्त्रीपुत्र | सोमवार, रात्री ९:५४

त्यो कॅमचा सेन्सर हाय. पुसून हाय तिथं परत लाव. आन् उद्या उजेडात बघू.